निविदेतील ‘एकसारखे’ हा शब्द : कुंभमेळा प्राधिकरणास खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, नाशिक-त्र्यंबकेश्वर कुंभमेळा प्राधिकरण,
मा. आयुक्त, नाशिक महानगरपालिका,
आणि सिंहस्थानिमित्त भेटवस्तू व स्मृतिचिन्हे खरेदी करणाऱ्या सर्व समित्यांचे मा. पदाधिकारी.

विषय : सिंहस्थातील भेटवस्तूंसाठी हातघडणीची तांब्याची भांडी नगावर न घेता वजनावर घेण्याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार.

येत्या सिंहस्थाच्या तारखा जाहीर झालेल्या आहेत. ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी ध्वजारोहण आणि २ ऑगस्ट २०२७ रोजी पहिले अमृतस्नान असा क्रम ठरला असून रस्ते, पूल, घाट आणि साधुग्राम या मोठ्या कामांविषयी जाणकार आणि अजाणकार असे दोन्ही प्रकारचे लोक आपल्याला भरपूर लिहीत असतील. माझा विषय त्या मानाने फार लहान, म्हणजे हातात मावेल एवढा आहे. असा सोहळा आला की पाहुण्यांचे स्वागत होते, आखाड्यांच्या महंतांचा सन्मान होतो, सोहळा पार पडल्यावर बंदोबस्तावरील पोलीस, सफाई कामगार, जीवरक्षक आणि स्वयंसेवक यांचा सत्कार होतो, आणि या प्रत्येक प्रसंगी शालीबरोबर एखादी वस्तू हातात ठेवली जाते. ती कोणती असावी यावर बैठकीत पाच मिनिटे चर्चा होते. पण ती कशी विकत घ्यावी हे ज्या कागदावर ठरते, तो कागद एखादा कारकून जुन्या फाइलीवरून उतरवून काढतो. मी तो कारकून होतो, म्हणून हे पत्र लिहितो आहे.

माझा जन्म जुन्या नाशकातील एका तांबटाच्या घरातला. वडील आणि दोन चुलते तांब्याची भांडी घडवत. मी हातोडा न धरता लेखणी धरली आणि जिल्ह्यातील एका संस्थेच्या भांडार विभागात ३१ वर्षे काढून भांडारपाल म्हणून निवृत्त झालो. (संस्थेचे नाव सांगत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात तिचा दोष माझ्याहून अधिक नव्हता.) खडूपासून जनरेटरपर्यंत सगळ्याची दरपत्रके मी मागवली, निविदा लिहिल्या, तुलनात्मक तक्ते केले. १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयाने खरेदीची नवी नियमपुस्तिका आली, तेव्हा ती जवळजवळ पाठ करणाऱ्यांपैकी मी एक होतो. तेव्हा नियम बाजूला ठेवा, असे मी आपल्याला सांगणार नाही. माझे म्हणणे एवढेच आहे, की तांब्याच्या भांड्याच्या खरेदीत कारागीर बाहेर राहतो तो आपण होऊन मसुद्यात घातलेल्या एका शब्दामुळे, आणि तो शब्द कोणत्याही नियमाने आपल्यावर लादलेला नाही. तो शब्द म्हणजे ‘एकसारखे’.

घडले ते असे. संस्थेच्या एका महोत्सवात निमंत्रितांना तांब्याचे तीनशे गडू भेट द्यायचे ठरले. कल्पना चांगली होती आणि ती नाशकात सुचावी हेही स्वाभाविक होते. तांब्यापितळेचे काम ही या गावाची जुनी ओळख. १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये तिची दखल आहे, आणि भांडी बाजार कुठे असे विचारले तर आजही कोणताही रिक्षावाला दुसऱ्यांदा विचारत नाही. मी निविदेचा मसुदा केला. प्रत्येक नगाचे वजन ४५० ग्रॅम, कमीजास्त ५ ग्रॅम, उंची अमुक, तोंडाचा व्यास तमुक, सर्व नग आकार, वजन व चकाकी यांबाबत तंतोतंत एकसारखे असावेत, दर प्रतिनग, पुरवठा २१ दिवसांत, मागील तीन वर्षांची वार्षिक उलाढाल इतकी इतकी. हा मसुदा मी स्टीलच्या पेल्यांच्या जुन्या निविदेवरून केला होता. त्यात काही वावगे आहे असे मला, तांबटाच्या मुलाला, वाटलेदेखील नाही, याचे मला आज आश्चर्य वाटते.

मुदतीच्या आत एक वयस्कर कारागीर सहा गडू फडक्यात बांधून घेऊन आले. मी एकेक गडू काट्यावर ठेवला. सर्वांत हलका ४३८ ग्रॅम भरला, सर्वांत जड ४७१. एकाच्या गळ्याचा उतार जरा अधिक होता, दुसऱ्याचे बूड जरा रुंद बसले होते. ‘नमुना निविदेतील अटींनुसार नाही’ असा शेरा मारून मी ते त्यांना परत केले. त्यांनी वाद घातला नाही. फडक्याला गाठ मारताना ते एवढेच म्हणाले, “साहेब, जास्तीचं तांबं गेलं ते माझं गेलं. तुमचं काय गेलं?” या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा सुचले नाही. बऱ्याच वर्षांनी सुचले, ते पुढे येईल.

काम अर्थातच एका व्यापाऱ्याला मिळाले. त्याने परगावच्या कारखान्यातून तीनशे गडू वेळेआधी दोन दिवस आणून दिले. वजन चोख, चकाकी चोख, बिल चोख. विशेष म्हणजे त्या गडवांच्या अंगावर हातोडीच्या ठोक्यांसारख्या खुणाही होत्या आणि समितीतील एक सदस्य त्या पाहून “वा, अगदी हाताने केल्यासारखे!” असे म्हणाले. मोजणी करताना माझ्या लक्षात आले, की काठापासून खाली तिसऱ्या ओळीत दोन खुणा एकमेकींवर चढलेल्या आहेत. दुसरा गडू उचलला, त्यावरही त्या तिथेच. तिसऱ्यावरही. ठशात एकदा झालेली चूक तीनशे वेळा इमानेइतबारे उतरली होती. अटीप्रमाणे माल तंतोतंत एकसारखा असल्याने मी ‘माल मिळाला, तपासला, योग्य’ अशी नोंद करून सही केली.

त्या खुणा मुळात कशासाठी असतात, हे खरेदी समितीत बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असेलच असे नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहिण्याची परवानगी घेतो. तांब्याच्या पत्र्याची गोल चकती कापतात. ती लोखंडी आधारावर फिरवत, मध्याकडून काठाकडे ठोक्यांची वर्तुळे वाढवत नेऊन तिला खोली आणतात. तांब्याचा स्वभाव असा, की ठोके खाताखाता ते कडक होत जाते आणि त्याच्या सोसण्यापलीकडे ठोकले तर तडकते. म्हणून मधूनमधून भांडे भट्टीत लाल होईपर्यंत तापवून त्याला पुन्हा मऊ करावे लागते. असा ताव किती वेळा द्यायचा हे पत्र्याची जाडी, भांड्याची खोली आणि ठोकणाऱ्याचा हात या तिन्हींवर ठरते, त्यामुळे ते कुठे लिहून ठेवता येत नाही. माझे वडील ते कानाने ठरवत. मऊ तांबे ठोक्याखाली बद्द वाजते, कडक होत चालले की आवाज खणखणीत होतो, आणि तो ठराविक पट्टीला गेला की वडील बोलणे अर्धवट सोडून भांडे भट्टीकडे नेत. आमच्या घरात बरीच संभाषणे त्यामुळे अपुरी राहिलेली आहेत.

भांडे दोन भागांत घडवले असेल, तर दोन्ही कडांना दाते पाडून ते एकमेकांत बसवतात, ठोकून सपाट करतात आणि मग डाक, म्हणजे वितळवलेला जोडधातू, लावून सांधा पक्का करतात. नीट पाहिले तर आतल्या बाजूने ही दातेरी रेघ दिसते. इथवर आलेले भांडे आकाराने पूर्ण असते, पण नुकतेच विस्तवातून निघालेले असल्यामुळे मऊ असते. जोराने दाबले तर चेपते. त्याला कणखरपणा येतो तो मठारण्याने. गुळगुळीत तोंडाच्या हातोड्याने सबंध अंगावर एकाला एक लागून ठोके घालत जायचे, मध्ये नखाएवढी जागाही सोडायची नाही, आणि एका हाताने भांडे फिरवण्याचा व दुसऱ्या हाताने ठोकण्याचा ताल शेवटपर्यंत मोडू द्यायचा नाही. प्रत्येक ठोक्याचा एक लहानसा चपटा डाग राहतो आणि त्यांवर उजेड पडला की भांडे लुकलुकते. आपण ज्याला नक्षी म्हणून पाहतो ती खरे तर मजबुतीची पावती आहे. त्या तीनशे गडवांवर पावती होती, पण ती नुसती छापलेली होती.

कारखान्याचा गडू टाकाऊ असतो, असे मी म्हणत नाही. फिरत्या साच्यावर पत्रा दाबून किंवा प्रेसमध्ये खेचून तो काही मिनिटांत तयार होतो, गळत नाही, स्वस्त मिळतो, आणि ज्या घरात रोज तांब्यातले पाणी पितात त्या घराला तो परवडतो, ही चांगलीच गोष्ट आहे. (तांब्यातल्या पाण्याचे गुण सांगण्यासाठीही हे पत्र नाही, ते काम मोबाइलवर येणारे संदेश रोज सकाळी करतात.) एकसारखेपणाची निंदा तर निदान नाशिककराने करू नये. नाशिकरोडला १९२५ पासून भारत प्रतिभूती मुद्रणालय आणि १९२८ पासून चलार्थ पत्र मुद्रणालय आहे. तिथे एका नोटेची छपाई दुसरीहून वेगळी दिसली तर ती नोट बाद होते, आणि तसेच व्हायला हवे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत जे सुटे भाग होतात, त्यांतला एक मोडला तर त्याच्या जागी दुसरा बिनबोभाट बसला पाहिजे. जिथे एक वस्तू दुसरीत बसायची असते किंवा एकीच्या बदली दुसरी चालायची असते, तिथे एकसारखेपणा हा गुण आहे आणि त्यासाठी माणसाने केलेली खटपट थोर आहे. पण सत्कारात दिलेल्या गडवाला कशात बसायचे असते? तीनशे पाहुणे तीनशे दिशांना गेल्यावर एकाचा गडू दुसऱ्याच्या गडवाशेजारी ठेवून कोण पाहणार असते? नोटेवरसुद्धा क्रमांक प्रत्येकीचा निराळा असतो.

आता त्या कारागिरांच्या प्रश्नाचे उत्तर. निवृत्तीनंतर नातीच्या बारशासाठी मी भांडी बाजारात तांब्याची लहान कळशी घ्यायला गेलो. दुकानदाराने कळशी काट्यावर ठेवली, वजन सांगितले, किलोचा भाव सांगितला, घडणावळ वेगळी सांगितली आणि बेरीज केली. मला कळशी थोडी मोठी हवी होती, त्याने दुसरी ठेवली; वजन वाढले, पैसे वाढले. आयुष्यभर पाहिलेली ही गोष्ट मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसली. तांब्यापितळेची भांडी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वजनावर विकली गेली आहेत. एक कळशी दुसरीपेक्षा पन्नास ग्रॅमने जड असेल तर पन्नास ग्रॅमचे पैसे अधिक पडतात, आणि हिशेब तिथेच संपतो. कोणी कोणाला फसवलेले नसते. भानगड सुरू होते ती नगावर दर लावल्यापासून. दर नगावर ठरला की विकणारा हलका माल देईल अशी घेणाऱ्याला धास्ती पडते, त्या धास्तीपोटी तो वजनाची मर्यादा घालतो, मर्यादा पाळली जावी म्हणून ती ५ ग्रॅमवर आणतो, आणि हाताला ५ ग्रॅमची शिस्त लावता येत नसल्याने हात आपोआप बाद होतो. मी ‘एकसारखे’ लिहिले ते गडू सुंदर दिसावेत म्हणून लिहिले नव्हते. दर चुकीच्या मापाने मागितला होता, त्याची भरपाई करण्यासाठी तो शब्द आला होता.

लेखापरीक्षक काय म्हणतील, ही शंका आपल्या लेखा शाखेला येईल, म्हणून सांगतो. रद्दी आपण वजनावर विकतो. धान्य, कोळसा, लोखंडी सळई वजनावर घेतो. धान्याचा प्रत्येक दाणा एकसारखा असावा अशी अट मी ३१ वर्षांत एकदाही लिहिली नाही आणि कोणत्याही लेखापरीक्षकाने ती का नाही असे विचारले नाही. तीनशे गडू, एकूण वजन इतके किलो, तांब्याचा दर इतका, घडणावळ किलोमागे इतकी, असे बिल आले तर त्यात ४३८ ग्रॅमचा गडू आणि ४७१ ग्रॅमचा गडू दोन्ही निर्धोकपणे बसतात. साठा नोंदवहीत नगांची संख्या आणि एकूण वजन असे दोन रकाने भरावे लागतील, एवढेच जादा काम.

यावर काही आक्षेप येतील आणि ते खरेही आहेत. पहिला संख्येचा. सिंहस्थात लाखोंनी माणसे येतात, आणि लाखो गडू हाताने घडणार नाहीत. ते घडावेत असे माझे म्हणणेही नाही. समजा, गावात आणि आसपास हातोडा धरणारी वीस ठिकाणे मिळाली आणि प्रत्येक ठिकाणी दिवसाला चार लहान गडू झाले, तर कामाच्या दोनशे दिवसांत सोळा हजार गडू होतात. मानाचे पाहुणे, महंत आणि प्रत्यक्ष पाण्यात उभे राहून माणसे वाचवणारे जीवरक्षक यांना पुरतील इतके हे निश्चित आहेत. बाकीच्यांना काय द्यायचे ते समितीने ठरवावे. मात्र त्यासाठी एकाच पुरवठादाराकडून सगळा माल घेण्याचा मोह सोडून काम शंभर-दोनशे नगांच्या लहान तुकड्यांत वाटावे लागेल, आणि मुदत २१ दिवसांची ठेवून चालणार नाही. मुदत पावसाळ्याच्या आधी संपेल असेही पाहावे. २ ऑगस्ट २०१६ रोजी गोदावरीचे पाणी सराफ बाजार आणि भांडी बाजारात शिरले होते, आणि पहिले अमृतस्नानही २ ऑगस्टलाच आहे. योगायोगावर माझा विश्वास नाही, पण भांडारपालाला माल कोरड्या जागी हलवण्याची सवय असते.

दुसरी अडचण भांडवलाची, आणि माझ्या मते हीच सर्वांत मोठी. तांबे महाग आहे. शंभर गडवांचे तांबे विकत घेऊन, ते घडवून, देऊन आणि मग बिल मंजूर होण्याची वाट पाहत बसणे घरगुती कारागिराला शक्य नसते, व्यापाऱ्याला असते. निविदा व्यापाऱ्याला मिळते त्यामागे पुष्कळदा एवढेच कारण असते. यावर आपल्याकडे जुना तोडगा आहे. पूर्वी घरातली फुटकी-जुनी भांडी मोडीत देऊन गिऱ्हाईक त्याच वजनाचे नवे भांडे घडवून घेई आणि रोख रक्कम द्यावी लागे ती घडणावळीची. प्राधिकरणानेही तसेच करावे. तांब्याचा पत्रा एकदम, प्रचलित पद्धतीने निविदा काढून, कारखान्याकडूनच विकत घ्यावा; पत्रा एकसारखा असावा ही अट तिथे जरूर घालावी. तो वजनावर कारागिरांना द्यावा, घडवलेले गडू आणि कातरण वजनावर परत घ्यावे, कामात होणारी घट आधीच ठरवून टाकावी आणि कारागिराला फक्त घडणावळ द्यावी. मग उलाढालीची अट घालण्याचे कारण उरत नाही, कारण कारागिराच्या हातून कोट्यवधींचा व्यवहार होतच नसतो. त्याच्याकडे आपले काही किलो तांबे असते आणि त्याची पावती आपल्या फाइलीत असते.

तिसरा आक्षेप फसवणुकीचा. हातघडणीला जादा दर आहे असे कळले की कारखान्याचा माल हातचा म्हणून येणार, याबद्दल मला तरी शंका नाही. वर सांगितल्याप्रमाणे तांबे आपणच दिले तर ही शक्यता बरीच कमी होते. शिवाय ओळखणेही फार अवघड नाही. साच्यावर फिरवून केलेल्या गडवाच्या आत बोट फिरवले तर बारीक समकेंद्री रेघा लागतात. मठारलेल्या गडवाच्या ठोक्यांत कितीही सराईत हात असला तरी ओळी किंचित सरकलेल्या असतात. आणि दोन गडू शेजारी ठेवून एकच ठोका दोन्हींवर त्याच जागी सापडला, तर पुढची तपासणी करण्याची गरज नाही. तपासणी अधिकाऱ्याने कारखान्याच्या मालाला लावायच्या कसोटीच्या बरोबर उलट कसोटी इथे लावायची आहे. तसेच ‘हाताने केलेले’ याचा अर्थही मसुद्यात स्पष्ट लिहावा. पत्रा गिरणीतूनच येतो, भात्याची जागा विजेच्या पंख्याने घेतली आहे, आणि त्यात गैर काही नाही. आकार देणे, सांधणे आणि मठारणे ही तीन कामे हाताने झालेली असावीत, एवढी व्याख्या पुरे.

आणि हो, हे महाग पडेल. ते मी लपवत नाही. घडणावळ ही माणसाच्या दिवसांची किंमत असते आणि ती प्रेसच्या दट्ट्याच्या किमतीशी कधीच जुळणार नाही. तरी किमतीची तुलना करताना वस्तूचे पुढे काय होते तेही पाहावे. माझ्या माळ्यावर निरोप समारंभांतून आणि व्यासपीठांवरून मिळालेली नऊ स्मृतिचिन्हे आहेत, पारदर्शक प्लास्टिकची, त्यांतल्या एकावर माझे नावही चुकले आहे. ती ना वापरता येतात, ना मोडीत जातात, ना फेकवतात. महोत्सवातला कारखान्याचा एक गडूही माझ्याकडे आहे. तो ओट्यावरून पडला आणि पोटात चेपला. गल्लीतल्या ओळखीच्या कारागिराकडे नेला, त्यांनी अंगठ्याने दाबून पाहिला आणि म्हणाले, “ह्याला अंगच नाही. ठोकू कुठं?” पत्रा साच्यावर ताणून इतका पातळ झालेला होता, की आतून ठोकला तर फाटला असता. वडिलांच्या हातची कळशी दोनदा विहिरीत पडलेली आहे, एकदा तिचे बूड बदललेले आहे, आणि उद्या ती कोणालाच नको झाली तरी मोडीच्या भावाने तिचे पैसे येतील.

प्रामाणिकपणे एक गोष्ट इथे कबूल करायला हवी. हातघडणीची भांडीही एकमेकांसारखी दिसत असत. म्हणून तर आपल्या घरोघरच्या भांड्यांवर टिंबाटिंबांनी नाव आणि साल घातलेले असते, म्हणजे लग्नकार्यात शेजारी गेलेली परात परत येताना बदलली जाऊ नये. कारागिरालाही गडू एकसारखाच करायचा असतो. त्याचा प्रत्येक ठोका त्याच दिशेने असतो, आणि तरीही जो थोडा फरक उरतो तो त्याच्या हाताचा असतो. मुद्दाम वेडावाकडा केलेला गडू मी दोन्हींहून वाईट समजतो. त्यामुळे मसुद्यात ‘एकसारखे’ काढून त्याच्या जागी ‘वैविध्यपूर्ण’ असा शब्द कृपया घालू नये.

पंजाबातील जंडियाला गुरू येथील ठठेऱ्यांचे तांब्यापितळेची भांडी घडवण्याचे कौशल्य युनेस्कोने २०१४ मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. काम तेच, हातोडा तोच. आमच्याकडे त्याची साधी मोजदादही दिसत नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांच्या यादीत लोहार आहे, सोनार आहे, कुंभार आहे. तांबट असा वेगळा शब्द नाही. तो असावा की नसावा हा दिल्लीचा प्रश्न आहे. नाशकात सिंहस्थाची खरेदी करताना तो शब्द मसुद्यात लिहिणे मात्र आपल्या हातात आहे.

गडूच का, असे कोणी विचारील. नाशिककर गोदावरीला गोदावरी म्हणत नाही, गंगा म्हणतो. ‘गंगेवर जाऊन येतो’ म्हणजे रामकुंडाकडे जाऊन येतो. काशीहून आणलेला, तोंड डाक लावून बंद केलेला तांब्याचा लहानसा गडू कित्येक मराठी घरांच्या देवघरात असतो. यात्रेहून परतल्यावर मावंदे घालताना त्याची पूजा होते, आणि पुढे तो कोणाच्या तरी अखेरच्या क्षणापर्यंत उघडला जात नाही. त्याच ओढीने रामकुंडावर येणारा माणूस आज पाणी नेतो ते प्लास्टिकच्या डब्यातून. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याला घाटावर दुसरे काही परवडण्याजोगे मिळत नाही. पण प्राधिकरण ज्या पाहुण्यांना स्वतः काही देणार आहे, त्यांना इथल्या पाण्याने भरलेला आणि इथल्याच हाताने बंद केलेला गडू देता येईल, आणि त्यासाठी वेगळे स्मृतिचिन्ह शोधावे लागणार नाही.

माझी विनंती थोडक्या शब्दांत मसुद्याच्या भाषेत लिहितो, म्हणजे उतरवून घेणे सोपे जाईल : ‘तांब्याचे गडू, हातघडणीचे व मठारलेले, प्रत्येकी वजन ४०० ते ५०० ग्रॅमच्या दरम्यान; तांबे प्राधिकरणाकडून वजनावर पुरवले जाईल; दर केवळ घडणावळीचा, प्रतिकिलो; देयक एकूण वजनावर; नगांमधील आकार व वजनाचा उपरोक्त मर्यादेतील फरक दोष समजला जाणार नाही.’ शेवटचे वाक्य कोणत्याही कारणाने गाळू नये. तपासणी अधिकारी बदलतात, आणि नव्या अधिकाऱ्याच्या हातात काटा आला की त्याला काय करावेसे वाटते हे मला ठाऊक आहे.

हा मसुदा तपासताना आपल्या भांडार शाखेला नमुना लागेल. बोलावणे आल्यास मी वडिलांच्या हातचे सहा गडू घेऊन कार्यालयात हजर होईन. त्यांतल्या एकाचे बूड मी वयाच्या अकराव्या वर्षी हट्टाने ठोकलेले असून ते आजही डुगडुगते, तेवढा एक नग तपासणीतून वगळावा.

कळावे,

आपला विश्वासू,
एक निवृत्त भांडारपाल,
जुने नाशिक